रोजच्या रस्त्यावरची स्पोर्ट्स कार : ठेवावी की बदलावी?

प्रतिनिधी

कोल्हापूर : दर वर्षी विजयादशमीला येथील दसरा चौकात सोने लुटण्याचा सोहळा होतो आणि त्या दिवशी छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार रस्त्यावर येते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील ही गाडी पाहण्यासाठी लहानथोर गर्दी करतात. ही गाडी आजही कोल्हापूरकरांच्या कौतुकाचा विषय आहे. तिच्याकडून रोजच्या कामाची अपेक्षा कोणी करीत नाही, हे त्यामागचे एक साधे कारण. तिने लक्ष्मीपुरीत भाजीला जायचे नसते, मुलांना शाळेत सोडायचे नसते की पहाटे पुण्याची बैठक गाठायची नसते.

शहरातील अनेक हौशी मोटारमालकांची अडचण नेमकी येथेच आहे. त्यांनी घेतलेली वेगवान गाडी हौसेची आहे आणि कामाचीही आहे. पहिली चार-पाच वर्षे या दोन्ही गोष्टी एकत्र सुखाने नांदतात. पुढे एके दिवशी गाडी गॅरेजमध्ये अडकते, सुट्या भागाची वाट पाहावी लागते आणि घरात प्रश्न निघतो, 'आता ही गाडी बदलायची का?' या प्रश्नाला बहुतेक जण गाडीच्या वयावरून किंवा मीटरवरच्या आकड्यावरून उत्तर देतात. ही दोन्ही मोजमापे अपुरी आहेत. गाडीवर रोजचे कोणते काम अवलंबून आहे आणि ते काम वर्षात किती दिवस अडते, यावर हा निर्णय व्हायला हवा.

कोणत्या गाड्यांचा हा प्रश्न?

स्पोर्ट्स कार म्हटली की दोन दारांची, जमिनीला चिकटलेली गाडी डोळ्यांसमोर येते. अशी गाडी भारतातही बनली होती. 'सॅन स्टॉर्म' ही फायबरग्लासच्या बॉडीची, दोन आसनांची उघडी मोटार १९९८ मध्ये बाजारात आली आणि तिचा कारखाना शेजारच्या गोव्यात होता. मात्र आपल्याकडे रोजच्या वापरात दिसणाऱ्या वेगवान गाड्या बहुतांशी चार दारांच्या किंवा हॅचबॅक प्रकारच्या आहेत. बाहेरून साध्या घरगुती मोटारीसारख्या दिसणाऱ्या या गाड्यांना टर्बो इंजिन, कडक सस्पेन्शन आणि रुंद टायर असतात.

यातील दोन नावे महाराष्ट्राशी थेट जोडलेली आहेत. स्कोडा ऑक्टेव्हियाची 'आरएस' ही आवृत्ती २००४ मध्ये १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनासह भारतात आली, तेव्हा ऑक्टेव्हियाची जुळणी तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळील कारखान्यात होत असे. २०१७ मध्ये याच नावाने २३० अश्वशक्तीची गाडी आली. चाकणच्या कारखान्यात बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये बाजारात आली. भारतातील पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. म्हणजे पहिल्या आरएसने आता विशी ओलांडली आहे, २०१७ च्या गाड्यांची वॉरंटी संपून बराच काळ लोटला आहे, तर पोलोची जागा घेणारी तशीच नवी गाडी शोरूममध्ये मिळत नाही. या गाड्यांच्या मालकांपुढचा प्रश्न त्यामुळे कल्पनेतला राहिलेला नाही.

कोल्हापूरला मोटारींच्या वेगाचा नाद जुना आहे. येथील मोहिते रेसिंग अकादमीच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय पातळीवरील शर्यती झाल्या. चित्तेश मंडोडी आणि ध्रुव मोहिते हे शर्यतपटू याच शहरातून पुढे आले. कृष्णराज महाडिक यांनी तर ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत गाडी चालवली. अशा गावात वेगवान गाडी विकण्याचा विचार जड जाणे स्वाभाविक आहे. म्हणूनच भावनेला तिची जागा देऊन बाकीचा हिशेब कागदावर मांडणे आवश्यक ठरते.

रस्ता काय मागतो?

रोजच्या वापरात वेगवान गाडीची झीज तिच्या वेगापेक्षा कमी वेगाच्या रस्त्यांवर अधिक होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून सहज जावी, अशी ही रचना आहे. प्रत्यक्षात गल्लीबोळांत आणि गावांच्या वेशीवर आढळणारे अनेक गतिरोधक अरुंद आणि उभ्या चढाचे असतात. जमिनीपासून कमी उंची असलेल्या गाडीचे चेंबर अशा ठिकाणी घासते. चेंबरला तडा जाऊन ऑइल गळाले आणि चालकाने तेलाच्या दिव्याकडे दुर्लक्ष केले, तर काही मिनिटांत इंजिन निकामी होऊ शकते.

कमी जाडीच्या टायरांचे तसेच आहे. टायरची बाजूची भिंत जितकी बुटकी, तितका खड्ड्याचा धक्का थेट रिमला आणि तेथून सस्पेन्शनच्या बुशांना पोचतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर रोज धावणाऱ्या अशा गाडीत बुश, बॉल जॉइंट आणि शॉकॲब्सॉर्बर हे भाग अपेक्षेपेक्षा लवकर बदलावे लागतात. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या सातारा-कागल टप्प्यातील सहापदरीकरणाच्या कामामुळे वळणरस्ते आणि सेवारस्ते यांचा जो अनुभव वाहनचालकांनी घेतला, त्याची किंमत सर्वप्रथम अशाच गाड्यांनी मोजली.

तिसरा मुद्दा गिअरबॉक्सचा. अनेक वेगवान गाड्यांत दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. यातील 'कोरड्या' क्लचच्या प्रकारात क्लच थंड ठेवण्यासाठी तेल नसते. मोकळ्या रस्त्यावर हा गिअरबॉक्स उत्तम चालतो. परंतु गर्दीत गाडी इंच इंच पुढे सरकत असेल, तर क्लच सतत अर्धवट घासत राहतो आणि तापतो. सणासुदीला महाद्वार रोड परिसरात किंवा सायंकाळी दाभोळकर कॉर्नरला गाडी अशी रांगत असेल, तर गाडी 'धावली' किती यापेक्षा 'रांगली' किती, हे क्लचच्या आयुष्यासाठी महत्त्वाचे ठरते.

चौथा मुद्दा कोल्हापूरकरांना वेगळा सांगण्याची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत नदी ५५ फुटांच्या वर गेली आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. इंजिनाला हवा घेणारी नळी खाली असलेल्या गाडीने साचलेल्या पाण्यात शिरण्याचा प्रयत्न केल्यास पाणी सिलिंडरमध्ये जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतात किंवा तुटतात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा, असे म्हणतात ते याचसाठी. अशा नुकसानीला साधी विमा पॉलिसी अनेकदा पुरत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जादा तरतूद घ्यावी लागते.

पैशांचा हिशेब कसा मांडावा?

आता आकड्यांकडे वळू. समजा, रुईकर कॉलनीत राहणारा एक उद्योजक कागल येथील पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत रोज ये-जा करतो. रोजचे ४० किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वर्षाला १२ हजार किलोमीटर होतात. त्याची जुनी वेगवान गाडी लिटरला ९ किलोमीटर जाते आणि तिच्या जागी येणारी नवी गाडी १६ किलोमीटर जाईल, असे मानू. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरल्यास जुन्या गाडीला वर्षाला १ लाख ४० हजार रुपयांचे पेट्रोल लागते, तर नवीला ७८ हजार ७५० रुपयांचे. बचत झाली सुमारे ६१ हजार रुपयांची.

'एवढे पैसे वाचतात, तर बदलून टाकू,' असे येथेच अनेकांना वाटते. परंतु हिशेबाची दुसरी बाजू पाहायला हवी. नवी पेट्रोल गाडी एक्स-शोरूम १८ लाख रुपयांची असेल, तर राज्यात १० ते २० लाखांच्या पेट्रोल मोटारीवर १२ टक्के एकरकमी वाहन कर आहे. म्हणजे २ लाख १६ हजार रुपये पहिल्याच दिवशी गेले. कंपनीच्या नावावर गाडी घेतली, तर हा कर २० टक्क्यांपर्यंत जातो, हे उद्योजकांनी विशेष लक्षात ठेवावे. विमा कंपन्या गाडीची घोषित किंमत ठरविण्यासाठी जो घसाऱ्याचा तक्ता वापरतात, त्यानुसार तिसरे वर्ष पूर्ण होताना किंमत ३० टक्क्यांनी उतरलेली असते. प्रत्यक्ष बाजारभाव वेगळा असू शकतो. तरी अंदाजासाठी हा तक्ता सोयीचा आहे. १८ लाखांचे ३० टक्के म्हणजे ५ लाख ४० हजार. कर मिळवून तीन वर्षांत ७ लाख ५६ हजार, म्हणजेच वर्षाला २ लाख ५२ हजार रुपये निव्वळ 'नवेपणा'चे झाले.

जुनी गाडीही उतरतेच. आज तिला ८ लाख मिळत असतील आणि तीन वर्षांनी ६ लाख मिळतील, असे धरले तर वर्षाला सुमारे ६७ हजार रुपयांची घट होते. त्यात जादा पेट्रोलचे ६१ हजार मिळवले, तर १ लाख २८ हजार झाले. दोन्ही बाजूंतील फरक वर्षाला १ लाख २४ हजार रुपयांचा राहतो. शिवाय नव्या गाडीसाठी जुनीच्या किमतीवर आणखी १२ लाख रुपये घालावे लागतील. ती रक्कम ७ टक्के दराने बँकेत ठेवली असती, तर वर्षाला साधारण ८५ हजार रुपये व्याज मिळाले असते. कर्ज काढायचे झाल्यास हा आकडा आणखी वाढेल.

सारांश असा, की या उदाहरणात नव्या गाडीच्या नेहमीच्या सर्व्हिसिंगपेक्षा जुन्या गाडीचा दुरुस्तीखर्च वर्षाला सुमारे दोन लाख रुपयांनी जास्त होईपर्यंत जुनी गाडी ठेवणेच स्वस्त पडते. प्रत्येकाने आपले आकडे घालून हेच गणित करावे. मात्र दुरुस्तीखर्च मोजताना एका वर्षाचा आकडा घेऊ नये. टायर, क्लच, टर्बो यांचे खर्च एकदम येतात आणि पुन्हा काही वर्षे येत नाहीत. गेल्या तीन वर्षांची बिले काढून त्यांची सरासरी घेणे योग्य. नुकतेच मोठे काम करून घेतले म्हणून रागाने गाडी विकणे हा सर्वांत महागडा व्यवहार ठरतो. कारण त्या कामाचा लाभ पुढच्या मालकाला मिळतो.

उभ्या गाडीची किंमत

वरच्या गणितात एक गोष्ट आलेली नाही आणि बहुतेक मालकही ती धरीत नाहीत. गाडी गॅरेजमध्ये उभी असते, त्या दिवसांची किंमत ती.

कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर हे यंत्रकामाचे माहेरघर आहे. लेथवर बुश काढून देणारा, ब्रेकची डिस्क घासून सरळ करणारा, तुटलेला ब्रॅकेट जोडून देणारा कारागीर येथे हमखास मिळतो. शहराच्या परिसरातील फौंड्री उद्योग तर देशभरातील वाहन कंपन्यांना कास्टिंग पुरवितो. त्यामुळे जुन्या गाडीचा यांत्रिक बिघाड येथे सहसा अडून राहत नाही. परंतु २००० नंतरच्या वेगवान गाड्या जितक्या लोखंडाच्या आहेत, तितक्याच विद्युत नियंत्रकांच्याही आहेत. गिअरबॉक्सचा नियंत्रक, एबीएसचा मोड्युल किंवा इंजिनाचा संगणक बिघडला, तर लेथ उपयोगी पडत नाही. मूळ भाग मागवावा लागतो आणि पुष्कळदा तो गाडीच्या क्रमांकाशी संगणकाद्वारे जुळवून घ्यावा लागतो. त्यासाठी गाडी सुमारे २३० किलोमीटरवरील पुण्याला किंवा त्याहून दूर पाठवण्याची वेळ येऊ शकते.

अशी गाडी वर्षातून ३० दिवस उभी राहिली आणि त्या काळात भाड्याच्या गाडीला दिवसाला २,५०० रुपये लागले, तर ७५ हजार रुपये झाले. म्हणजे दोन लाखांची ती मर्यादा एकदम सव्वा लाखावर आली. चुकलेल्या बैठका, घरच्यांची गैरसोय आणि 'आज गाडी सुरू होईल ना' ही धाकधूक यांना तर रुपयांत मोजताच येत नाही. म्हणून वर्षभर एक छोटी वही ठेवावी. गाडी किती दिवस मिळाली नाही, कोणत्या भागासाठी थांबावे लागले आणि तो भाग कोठून आला, एवढ्याच नोंदी पुरेत. यांत्रिक भागांमुळे गाडी थांबत असेल, तर ती कोल्हापुरात आणखी अनेक वर्षे चालवता येईल. मात्र एकाच वर्षात दोनदा नियंत्रकासारख्या भागांमुळे ती थांबली असेल, तर तिला रोजच्या कामातून मोकळे करण्याची वेळ आली, असे समजावे.

कायद्याच्या तारखा

खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडीची योग्यता तपासून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ते १० हजार रुपये, तर आयात केलेल्या चारचाकीसाठी ८० हजार रुपये केले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. पंधरा वर्षे झालेली पेट्रोल गाडी महाराष्ट्रात आपोआप भंगारात जाते, हा समज मात्र चुकीचा आहे. गाडी तपासणीत योग्य ठरली, तर ती चालवता येते.

गाडीत केलेले फेरफार या तपासणीच्या वेळी अडचणीचे ठरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब स्पष्ट केली आहे. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर किंवा बदललेले इंजिन यामुळे विम्याचा दावाही अडकू शकतो. गाडी विकायची असेल, तर मूळ भाग जपून ठेवलेले असणे फायद्याचे.

विम्याची बाजूही पाहावी. घसारा वगळून पूर्ण भरपाई देणारी तरतूद साधारणपणे गाडीच्या पहिल्या पाच वर्षांपर्यंत सहज मिळते. ती नसेल, तर अपघातानंतर रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरीच्या किमतीतून ५० टक्के, फायबरग्लासच्या भागांतून ३० टक्के आणि धातूच्या भागांतून गाडीच्या वयानुसार कपात होते. दहा वर्षांपुढे धातूवरील कपात ५० टक्क्यांपर्यंत जाते. आजच्या गाड्यांचे बंपर प्लॅस्टिकचे असतात. समोरची एक किरकोळ टक्करही मालकाच्या खिशाला किती मोठी बसू शकते, याचा अंदाज यावरून यावा.

टाकीतले इथेनॉल

आणखी एक विषय कोल्हापूरच्या जिव्हाळ्याचा आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मुळात २०३० चे होते. ते २०२५ मध्येच गाठले गेले. आपल्या जिल्ह्यातील उसावर चालणाऱ्या कारखान्यांच्या आसवन्यांतूनही हे इथेनॉल तयार होते. उसाला त्यामुळे आधार मिळाला, हे खरे. जुन्या वेगवान गाडीच्या मालकाने मात्र दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

पहिली गोष्ट ॲव्हरेजची. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचना केलेल्या आणि नंतर १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिला होता. दुसरी गोष्ट सुट्या भागांची. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांतील रबर आणि प्लॅस्टिकचे भाग या मिश्रणाला टिकतील असे बनवले जाऊ लागले. त्याआधीच्या गाड्यांतील इंधनाच्या नळ्या, सील आणि गॅस्केट यांची दर सर्व्हिसिंगला तपासणी करून घेणे शहाणपणाचे. इंधनाचा वास येत असेल, तर गाडी त्याच दिवशी दाखवावी.

एक बाब वेगवान गाड्यांच्या बाजूचीही आहे. इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा जास्त असल्याने टर्बो इंजिनातील ठोका कमी होण्यास त्याची मदत होते. परंतु इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या अर्धवट टाकीत पाणी वेगळे होऊन तळाशी बसण्याची शक्यता असते. गाडी फक्त हौसेसाठी ठेवायची, असे ठरवणाऱ्यांनी ती पंधरवड्यातून एकदा तरी नीट तापेपर्यंत चालवावी.

घरातील माणसे आणि सुरक्षितता

गाडी घेतली तेव्हा मालक अविवाहित असेल, तर दहा वर्षांनी घर बदललेले असते. मागच्या आसनावर मुलाची खुर्ची बसवावी लागते. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आई-वडिलांना बुटक्या गाडीत बसणे आणि त्यातून उठणे ही दर वेळची परीक्षा होते. दवाखान्यात जाताना ते 'रिक्षाच बोलाव' म्हणू लागले, तर गाडीने आपले एक मुख्य काम सोडून दिले आहे, हे ओळखावे. ही गोष्ट कोणत्याही बिलात दिसत नाही.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. टायरच्या बाजूवर चार अंकांचा एक आकडा असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. '२३१९' असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. खाचा शिल्लक दिसत असल्या, तरी जुने झालेले रबर कडक होते आणि ओल्या घाटात त्याची पकड सुटते. खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर टायर कायद्यानेही बाद ठरतो. ब्रेक ऑइल ओलावा शोषते; पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या उतारावर सतत ब्रेक लावल्याने ते उकळले, तर पायाखालचा ब्रेक अचानक मऊ पडतो. हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलण्याची शिफारस त्यासाठीच असते. आसनाखालील पत्रा किंवा सस्पेन्शन जोडलेला भाग गंजला असेल, तर मात्र हिशेब करीत बसू नये. ती गाडी रस्त्यावर आणूच नये.

पर्याय कोणते?

गाडी बदलायचे ठरले, तर बाजारात काय आहे? ऑक्टेव्हिया आरएस २०२५ मध्ये पुन्हा आली; परंतु २६५ अश्वशक्तीची ती गाडी पूर्णतः आयात केलेली होती, भारतासाठी फक्त १०० गाड्या होत्या आणि किंमत ४९ लाख ९९ हजार रुपये होती. ज्याने २०१७ मध्ये निम्म्या किमतीत आरएस घेतली, त्याच्यासाठी हा पर्याय आता त्याच वर्गातला राहिलेला नाही. चाकणमध्ये बनणारी १५० अश्वशक्तीची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी रोजच्या कामाला अधिक जवळची ठरते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी तर वेगाची व्याख्याच बदलली आहे. चाकणमध्येच तयार होणारी महिंद्रा बीई ६ तिच्या मोठ्या बॅटरीसह २८६ अश्वशक्ती देते. विजेच्या मोटारींवरील जीएसटी ५ टक्के आहे. घरी चार्जिंगची सोय असेल आणि रोजचा प्रवास ४० किलोमीटरचा असेल, तर हा पर्याय गंभीरपणे तपासावा. गिअर टाकण्यातला आनंद मात्र त्यात मिळणार नाही.

तिसरा मार्ग अनेकांच्या ध्यानात येत नाही. वेगवान गाडी ठेवायची आणि रोजच्या कामासाठी छोटी गाडी घ्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तर मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. त्यामुळे या मार्गाला आता पूर्वीपेक्षा अधिक अर्थ आहे. रोजचे १२ हजार किलोमीटर छोट्या गाडीवर गेले, की जुन्या गाडीची झीज थांबते आणि एखाद्या भागासाठी महिनाभर थांबावे लागले, तरी घराचे काम अडत नाही. दोन विमे, दोन सर्व्हिसिंग आणि दोन गाड्यांची जागा हा त्याचा खर्च आहे. पार्किंगची जागा नसेल, तर हा मार्ग सोडून द्यावा.

जुनी गाडी विकायची झाल्यास फॉर्म २९ आणि ३० भरून मालकी हस्तांतर स्वतः पूर्ण करून घ्यावे. कर्ज असेल तर फॉर्म ३५ लागतो. गाडी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत तिच्या अपघाताची जबाबदारी कागदोपत्री आपल्याकडेच राहते. नव्याऐवजी जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. सीमेपलीकडील कर्नाटकात नोंदलेली गाडी स्वस्त वाटते. परंतु ती महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची, तर येथे नव्याने नोंदणी करून कर भरावा लागतो. स्वस्ताई तेथेच संपते.

निर्णयाची वेळ

हा निर्णय गाडी रस्त्यात बंद पडल्यावर घेऊ नये. बंद गाडीला बाजारात भाव नसतो आणि मालकालाही घाई असते. विम्याचे नूतनीकरण, पंधरा वर्षांची नोंदणी संपण्याची तारीख आणि पावसाळ्याचे आगमन या तीन मुदतींच्या दोन महिने आधी एकदा शांतपणे बसून विचार करावा. सुरक्षिततेत दोष असेल, तर गाडी थांबवावी. दोष नसेल, दुरुस्तीचा सरासरी खर्च आपल्या मर्यादेच्या आत असेल आणि गाडी वर्षातून आठ-दहा दिवसांहून अधिक अडत नसेल, तर ती बिनदिक्कत ठेवावी; शेजाऱ्याने नवी घेतली, हे बदलण्याचे कारण होऊ शकत नाही. पैसे परवडत आहेत पण दिवस परवडत नाहीत, अशी स्थिती असेल, तर तिला रोजच्या कामातून मोकळे करून छोट्या गाडीचा विचार करावा. दोन्ही परवडत नसतील, तर चालू स्थितीत असतानाच ती दुसऱ्या हौशी माणसाच्या हाती द्यावी.

वेगाचा आनंदही वास्तवाच्या चौकटीत पाहावा. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर मोटारीची कमाल वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि राज्ये ती कमीही करू शकतात. त्या मर्यादेत दीडशे काय आणि अडीचशे अश्वशक्ती काय, दोन्ही गाड्या कागलला जवळपास एकाच वेळी पोचतात. जुन्या गाडीची खरी गंमत रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर असते आणि त्यासाठी तिने सोमवारी कारखान्याला पोचवलेच पाहिजे, अशी अट नाही.

दसरा चौकातील ती मेबॅक इतकी वर्षे टिकली. कारण तिच्यावरचा रोजच्या कामाचा भार केव्हाच उतरवला गेला. आपल्या दारातील गाडीवरचा हा भार कधी उतरवायचा, एवढेच प्रत्येक मालकाला ठरवायचे आहे.